सात कोटी मतं आणि एक गाणारा शिपाई

आधी एक छोटंसं गणित सोडवू.

२००१ च्या जनगणनेत नेपाळी ही आपली मातृभाषा असं सांगणारे भारतीय होते साधारण २८ लाख ७१ हजार. २३ सप्टेंबर २००७ ला 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वाचा अंतिम सोहळा झाला. एका बाजूला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, दुसऱ्या बाजूला शिलाँगचा अमित पॉल. दोघांना मिळून सात कोटींच्या आसपास मतं पडली अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. समजा यातली निम्मीच मतं प्रशांतची. (जिंकला म्हणजे निम्म्याहून जास्तच असणार, पण हिशोब सोपा होतो.) साडेतीन कोटी भागिले २८ लाख ७१ हजार. उत्तर येतं बारा. म्हणजे ही सगळी मतं त्याच्याच भाषेच्या लोकांची धरली, तर देशातल्या प्रत्येक नेपाळी भाषकाने बारा-बारा मतं दिली असली पाहिजेत. यात पाळण्यातलं बाळ आलं, आयुष्यात मोबाईलला हात न लावलेली आजी आली, आणि चहाच्या मळ्यात राबणारा, घरात फोनच नसलेला मजूरसुद्धा आला.

असं विचित्र उत्तर आलं की आम्हा इंजिनियर लोकांना दोनच शंका येतात. एक तर डेटा चुकलाय, नाहीतर गृहीतक. इथे गृहीतक चुकलंय. आपण धरून चाललो की एक मत म्हणजे एक माणूस. इंडियन आयडॉलमध्ये असं काही नव्हतंच.

"रिअ‍ॅलिटी शोमध्ये टॅलेंट हरतं आणि पॉप्युलॅरिटी जिंकते" हे वाक्य आपण सगळ्यांनी चहाच्या टपरीवर शंभरदा ऐकलंय, शंभरदा म्हटलंय. हे वाक्य चूक नाही, पण फार आळशी आहे. लोकप्रियता म्हणजे नेमकं काय, ती कुठून येते, आणि ती मोजायला गेलं की काय होतं, हे प्रश्न त्यात गुंडाळून ठेवलेत. ते उलगडायचे तर थोडा इतिहास बघायला लागेल.

आपल्याकडे लोकांच्या पसंतीने गाणी मोजायचा उद्योग एसएमएसच्या कितीतरी आधीचा. रेडिओ सिलोनवर १९५२ ला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानींचा आवाज, आणि खालून वर चढत जाणाऱ्या गाण्यांच्या 'पायदान'. तो क्रम ठरायचा रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पसंतीवरून. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सर्वोत्तम गाणं आहे असा गीतमालेचा दावाच नव्हता. हे सध्या सर्वांत लाडकं गाणं आहे, एवढंच म्हणणं. प्रामाणिक कारभार.

उलट्या टोकाला होत्या नव्वदच्या दशकातल्या टीव्हीवरच्या स्पर्धा. १९९५ ला झी टीव्हीवर 'सा रे ग म' आलं, निवेदक सोनू निगम. समोर बसलेले परीक्षक म्हणजे संगीतातली मोठी माणसं, त्यांनी दिलेले गुण अंतिम. १९९६ ला दूरदर्शनवरची 'मेरी आवाज सुनो' सुनिधी चौहानने जिंकली. 'सा रे ग म'मधूनच श्रेया घोषाल लोकांसमोर आली आणि २००२ च्या 'देवदास'पर्यंत पोचली. प्रेक्षकाचं काम काय? तर घरी बसून ऐकायचं, आणि आपल्या आवडीच्या मुलीला कमी गुण पडले की परीक्षकांच्या नावाने बोटं मोडायची.

मग २००१ मध्ये ब्रिटनमध्ये 'पॉप आयडॉल' सुरू झालं आणि ही दोन्ही टोकं एकत्र बांधली गेली. परीक्षक बोलतील, पण निर्णय प्रेक्षक घेतील. २००२ च्या फेब्रुवारीतल्या अंतिम फेरीत तिथे ८७ लाखांच्या आसपास मतं पडली आणि विल यंग जिंकला. त्याच वर्षी अमेरिकेत 'अमेरिकन आयडॉल' आलं, आणि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीवर 'इंडियन आयडॉल'. ५ मार्च २००५ ला मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. मराठी घराघरांत जल्लोष झाला. (त्यातले किती जण त्याच्या सुरांवर खूश होते आणि किती जण 'आपला पोरगा' म्हणून, हे ज्याचं त्याने ठरवावं :-))

खरी गंमत फॉरमॅटच्या आतल्या यंत्रात होती. एसएमएस करा, अमुक नंबरवर. हा एसएमएस साधा नसायचा, दोन-तीन रुपयांना एक पडायचा. त्या पैशात मोबाईल कंपनी आणि कार्यक्रमवाले यांची वाटणी. आणि एका माणसाने कितीही वेळा पाठवला तरी चालायचं. आता बघा, रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय "देशातला सर्वोत्तम गायक शोधा". कोड मात्र मोजतोय की कोणाची माणसं जास्त पेटून उठलीत आणि त्यांच्या खिशात रिचार्जला किती पैसे आहेत. टेस्टिंगला कोणी बसलंच नाही, कारण चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे दोन-तीन रुपये येत होते.

मग व्हायचं ते झालं. २००५ ला सोनीवरच 'फेम गुरुकुल' आलं. श्रीनगरचा काझी तौकीर त्यात होता. दिसायला देखणा, वावरायला बिनधास्त, पण गाणं कच्चं, आणि परीक्षक ते तोंडावर सांगायचे. तरी तो दर आठवड्याला तरत गेला आणि शेवटी रूपरेखा बॅनर्जीबरोबर जोडीने विजेता ठरला. त्याच पर्वात मुर्शिदाबादचा एक अठरा वर्षांचा लाजरा मुलगा सहाव्या क्रमांकावर बाहेर पडला. त्याचं नाव अरिजित सिंग.

हा किस्सा सगळे इथेच थांबवतात. "बघा, अरिजितला हरवलं लोकांनी!" पण एक तारीख जोडून बघा. काश्मीर खोऱ्यात मोबाईल सेवाच सुरू झाली २००३ मध्ये. म्हणजे ज्या खोऱ्यातल्या मुलांना इतर राज्यांच्या कितीतरी नंतर हातात मोबाईल मिळाला, त्यांना दोन वर्षांत त्याच मोबाईलवरून आपला एक मुलगा मुंबईच्या मंचावर टिकवून ठेवता येत होता. बातम्यांत श्रीनगर म्हटलं की काय दिसायचं हे सांगायला नको. आता एकदाचं गाणारं, नाचणारं, हसणारं श्रीनगर दिसतंय. तुम्ही त्या मुलांच्या जागी असता तर कोणाला मत दिलं असतं? सूर मोजत बसला असता?

२००६ च्या सुरुवातीला 'सा रे ग म प चॅलेंज २००५'चा निकाल लागला आणि लखनौच्या विनीत सिंगला मागे टाकून सिलचरचा देबोजित साहा जिंकला. सिलचर म्हणजे आसामचं बंगालीभाषक बराक खोरं. १९ मे १९६१ ला भाषेच्या आंदोलनात याच गावात पोलीस गोळीबारात ११ जण गेले होते. बंगाली विरुद्ध असमिया ही तिथली जुनी जखम. आणि या बंगाली मुलासाठी असमिया बोलणाऱ्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातूनही मतं गेली. का? कारण दिल्ली-मुंबईच्या टीव्हीवर आसामचं नाव येत होतं. घरातली भांडणं घरात.

या सगळ्याचा कळस म्हणजे २००७.

प्रशांत तमांग हा कोलकाता पोलिसांत शिपाई. वडील पोलिसांत होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी हा नोकरीला लागला आणि पोलिसांच्याच ऑर्केस्ट्रात गायला लागला. आवाज गोड, स्वभाव साधा. तिसऱ्या पर्वाचे परीक्षक होते जावेद अख्तर, अनू मलिक, अलिशा चिनॉय आणि उदित नारायण. प्रशांतपेक्षा तयारीचे गायक त्या पर्वात होते, असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि ते चूक होते असं मला वाटत नाही. पण दार्जिलिंगमध्ये तोवर प्रशांतचे फॅन क्लब उभे राहिले होते. वर्गणी गोळा होत होती, रिचार्ज वाटले जात होते, पोरं रात्रभर बसून एसएमएस पाठवत होती. शिलाँगमध्ये अमित पॉलसाठी हेच.

इथे जरा थांबून निवडणुकीचं गणित बघू. १९८६ ते ८८ या काळात सुभाष घिसिंग यांच्या 'जीएनएलएफ'ने वेगळ्या गोरखालँड राज्यासाठी हिंसक आंदोलन केलं. शेवटी हातात आली दार्जिलिंग गोरखा हिल कौन्सिल, राज्य नाही. पश्चिम बंगालच्या विधानसभेत आमदार २९४, त्यातले डोंगरातल्या तीन मतदारसंघांतून निवडून जाणारे ३. लोकसभेत ५४३ पैकी दार्जिलिंगची जागा १, आणि त्यातही खालच्या सपाटीवरच्या सिलिगुडीचे मतदार मिसळलेले. म्हणजे डोंगरातल्या झाडून सगळ्यांनी एकजुटीने मतदान केलं तरी कोलकात्यात काही हलणार नाही. एक माणूस, एक मत हा नियम न्याय्यच आहे, पण मूठभर असलेल्यांना त्या नियमात कायम हरायलाच लागतं.

आणि मग एक दिवस टीव्हीवर अशी निवडणूक येते जिच्यात एक माणूस शंभर मतं देऊ शकतो. जिच्यात संख्या कमी असली तरी जिद्द जास्त असली की चालतं. पदरचे पैसे मोजून का होईना, पण पहिल्यांदाच देशपातळीवर आपण जिंकू शकतो! आपल्या शहरी ड्रॉइंगरूममध्ये बसून ज्याला आपण 'सिस्टीमचा गैरवापर' म्हणत होतो, ते डोंगरातून बघताना कदाचित आयुष्यातलं पहिलं मोजलं गेलेलं मत होतं.

२३ सप्टेंबरला प्रशांत जिंकला. दार्जिलिंगला दिवाळी झाली. आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या एका खाजगी एफएम वाहिनीवरच्या निवेदकाने थट्टा केली. आशय असा, की गुरखेच आयडॉल व्हायला लागले तर आता पहारा कोण देणार? हा विनोद करणाऱ्याला कदाचित खरंच वाटलं असेल की आपण काही वावगं बोललो नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये वॉचमनला नावाने किती जण ओळखतात? 'बहादूर' म्हटलं की भागतं. पण ज्या लोकांनी महिनाभर पोटाला चिमटा काढून आपला माणूस देशाचा आयडॉल केला, त्यांना चोवीस तासांत सांगितलं गेलं की तुम्ही गेटवरच शोभता.

२८ सप्टेंबरला सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, त्याचं पर्यवसान दंगलीत झालं. डोंगरातले आणि सपाटीवरचे लोक एकमेकांवर धावून गेले, गाड्या जळल्या, कित्येक जखमी झाले. कर्फ्यू लागला, लष्कराला बोलवायला लागलं. गाण्याच्या कार्यक्रमानंतर पाच दिवसांत!

गोष्ट इथेही संपत नाही. घिसिंग प्रशांतच्या लाटेपासून लांबच राहिले होते. त्यांच्याच पक्षातले बिमल गुरुंग मात्र या फॅन क्लबच्या कामात पुढे होते. एसएमएससाठी गल्लोगल्ली उभी राहिलेली पोरं, वर्गणीच्या याद्या, फोन नंबर, हे सगळं नेटवर्क तयारच होतं. ७ ऑक्टोबर २००७ ला, म्हणजे अंतिम सोहळ्यानंतर बरोब्बर चौदा दिवसांनी, गुरुंग यांनी 'गोरखा जनमुक्ती मोर्चा'ची स्थापना केली. २००८ च्या मार्चमध्ये घिसिंग यांनी हिल कौन्सिलचा राजीनामा दिला आणि दोन दशकं ज्या डोंगरावर त्यांचा शब्द चालत होता तो डोंगर त्यांना सोडायला लागला. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मोर्चाच्या पाठिंब्यावर थेट राजस्थानचे जसवंत सिंह दार्जिलिंगमधून निवडून आले. २०११ ला 'जीटीए' या नव्या स्वायत्त मंडळाचा करार झाला. जगात टॅलेंट शो बरेच झाले, पण एखाद्या प्रदेशाचं राजकारण उलटंपालटं करून टाकणारा दुसरा मला तरी माहीत नाही.

आता हरलेल्या अमित पॉलकडे बघा. शिलाँग खासी लोकांचं, आणि तिथे बंगाल्यांकडे 'बाहेरचे' म्हणून बघण्याचा जुना इतिहास. १९७९ पासून तिथे बंगाल्यांविरुद्ध दंगली झालेल्या. अमित पॉल बंगाली. पण त्याच्यासाठी खासी, बंगाली, नेपाळी सगळे एकत्र आले. मेघालय सरकारने त्याला शांतता आणि सलोख्याचा ब्रँड अ‍ॅम्बॅसिडर केलं. तोच कार्यक्रम, तोच एसएमएस, पण एका डोंगरात त्याने भेग बुजवली आणि दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी पाडली. म्हणून "पब्लिक व्होटिंग चांगलं की वाईट" हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. ते एक भिंग आहे. खाली वाळलेलं गवत आहे की कागदावरची अक्षरं, यावर पुढचं ठरतं.

बाहेरच्या देशांनी या यंत्राची दुरुस्ती करून बघितली नाही असं नाही. युरोपातल्या 'युरोव्हिजन'मध्ये १९९७ ला काही देशांनी टेलिव्होटिंग करून बघितलं, पुढच्या वर्षी ते बहुतेकांनी स्वीकारलं. लगेच तक्रारी सुरू, की शेजारी देश एकमेकांनाच मतं देतात. शेवटी २००९ पासून अंतिम फेरीत निम्मं वजन परीक्षकांना, निम्मं प्रेक्षकांना. चीनमध्ये २००५ च्या 'सुपर गर्ल'मध्ये ली युचुन ३५ लाखांहून जास्त एसएमएस मिळवून जिंकली. एका फोनवरून फक्त १५ मतं अशी मर्यादा तिथे होती. पण लोकांना मत द्यायची चटक लागतेय हे बघून सरकारच अस्वस्थ झालं आणि पुढे अशा मतदानावर बंधनं आली.

कोरियाची गोष्ट तर आपल्या जातकुळीची. २०१९ च्या 'प्रोड्यूस एक्स १०१'चा निकाल लागला आणि आकडेमोड करणाऱ्या प्रेक्षकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या क्रमांकांच्या मतांमधला फरक पुन्हा पुन्हा २९,९७८ च येतोय. एकदा नाही, पाच वेळा! कोणीतरी आधी टक्के ठरवले होते आणि नंतर गुणाकार केला होता. चौकशी झाली, निर्मात्याला तुरुंगात जायला लागलं. एक्सेलमध्ये चोरी करताना निदान थोडा नॉईज तरी टाकावा ना राव!

म्हणजे परीक्षक ठेवा, पक्षपाताचा आरोप. लोकांना विचारा, भावनेचा आरोप. आकडे झाकून ठेवा, हेराफेरीचा आरोप. मग करायचं काय?

मला वाटतं, निदान आपण काय मोजतोय हे तरी खरं सांगावं. आपल्याकडचंच बघा. झी मराठीचे २००८-०९ चे 'लिटल चॅम्प्स' आठवतात? मी तेव्हा शाळेत होतो. पुण्याची आर्या, आळंदीची कार्तिकी, अलिबागची मुग्धा, रत्नागिरीचा प्रथमेश, लातूरचा रोहित. नावाआधी गाव. कार्तिकी जिंकली, आणि पुढे किती वर्षं घरोघरी "खरं तर अमकीच जिंकायला हवी होती" चाललं! त्या वादात सूर, ताल, आवाजाची फिरत हे शब्द यायचे, पण खाली वाहत होतं ते आपलं गाव, आपल्या घरातलं गाणं, अभंग की नाट्यगीत. पाचही मुलं गुणी होती म्हणून ते खपून गेलं.

आणि एक योगायोग बघा. २००५ ला देशाच्या एसएमएसवर पहिला आयडॉल झालेला अभिजीत सावंत २०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात उतरला आणि अंतिम फेरीत दुसरा आला. जिंकला कोण, तर बारामतीकडचा, रील्समुळे माहीत झालेला सूरज चव्हाण. तो कार्यक्रम गाण्याचा नाही हे मान्य, पण लोकांनी मत दिलं ते एका गरीब घरातल्या, दबकत बोलणाऱ्या मुलाला. २००५ मध्ये 'आपला पोरगा' अभिजीत होता, २०२४ मध्ये 'आपला पोरगा' सूरज. एकोणीस वर्षांत गायक बदलले, फोन बदलले, एसएमएसची जागा अ‍ॅपने घेतली. मत देणारा मात्र तोच प्रश्न विचारतोय: यांच्यात माझ्यासारखा कोण आहे?

राहिला अरिजित. 'तुम ही हो' आलं २०१३ ला, म्हणजे गुरुकुलातून बाहेर पडल्यावर आठ वर्षांनी. २०२५ ला पद्मश्री मिळाली. "शेवटी टॅलेंट जिंकतंच" असं म्हणायचा मोह होतो, पण हा मोह टाळलेला बरा. आपल्याला अरिजित दिसतो कारण तो वर आला. त्याच्याइतकेच गुणी, पण सहाव्या-सातव्या नंबरवर बाहेर पडून घरी गेलेले आणि पुन्हा न दिसलेले किती असतील, त्यांची यादी कुठेच नाही. जिंकलेल्यांचीही खात्री नाही. दुसऱ्या पर्वाचा विजेता, बिकानेरचा संदीप आचार्य, २०१३ मध्येच वयाच्या तिशीआधी गेला, आणि तेव्हा बऱ्याच जणांना नाव आठवायला डोकं खाजवायला लागलं. करोडो मतांची आठवण इतकी अल्पायुषी.

गोरखालँड राज्य काही झालं नाही. २०१७ ला दार्जिलिंग पुन्हा शंभराहून जास्त दिवस बंद राहिलं, आणि त्यानंतर गुरुंग यांनाही डोंगर सोडून पळायला लागलं. प्रशांतच्या त्या मतांमधली गाण्यासाठी किती आणि 'आम्हीही आहोत' हे सांगायला किती, हे आता कुठलाच सर्व्हर सांगू शकणार नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या स्पर्धेत बेसूर गाणारा भरघोस मतांनी पुढे गेला, तर त्याच्या सुरांवर हसण्याआधी तो कुठून आलाय ते जरा नकाशावर शोधा. तिथल्या लोकांना एरवी आपण कधी, काय विचारतो, ते आठवून बघा. आणि सोसायटीच्या गेटवर असेल कोणी, तर त्याचं नाव विचारा.